शिवलेले खिसे

रत्नाकर,

तू माझ्याहून अकरा वर्षांनी मोठा, तरी तुला 'तू' म्हणतोय. हे वळण तूच लावलंस. तुझी हातांची भाषा शिकायला लागलो त्या पहिल्या महिन्यात मी वहीत लिहून विचारलं होतं, 'तुम्ही' कसं म्हणायचं? तू माझ्याकडे बोट दाखवलंस. मग भिंतीवरच्या तुझ्या आईच्या फोटोकडे. मग दुकानाच्या पायरीवर झोपलेल्या कुत्र्याकडे. तिन्ही वेळा तेच बोट. फक्त फोटोकडे बोट नेताना तुझे डोळे खाली झुकले होते आणि कुत्र्याकडे नेताना भुवया उडाल्या होत्या. मान द्यायचा तो चेहऱ्याने द्यायचा, हे मला कळायला पुढे चार महिने लागले.

तुला जाऊन आज बेचाळीस दिवस झाले. हे मी मराठीत लिहितोय, कारण तुझी भाषा कागदावर उतरत नाही. मराठी वाचताना तुझ्या कपाळाला आठी पडायची, आणि तुझी लता तर पाटीवरच्या अक्षरांपलीकडे वाचत नाही. तेव्हा हे कोणासाठी लिहितोय ते मलाही नीट सांगता येणार नाही. पण तू गेल्यानंतर जे घडलं ते दुसऱ्या कोणाला सांगितलं तर लोक माझ्या कानांबरोबर डोकंही गेलं म्हणतील.

मी द्रोणागिरीच्या बाजूला एका कंटेनर यार्डात गेटवर कारकून. आत येणाऱ्या ट्रेलरचा नंबर बघायचा, कंटेनरचं सील बघायचं, नोंद करायची, दांडी वर करायला सांगायची. वीस वर्षं हेच. चव्वेचाळिसाव्या वर्षी उजवा कान गेला, दीड वर्षाने डावा त्याच्या मागून निघाला. डॉक्टर म्हणाले, नस सुकतेय. मशीन लावलं की आवाज यायचा, पण शब्द यायचे नाहीत. पत्र्याच्या डब्यात खडे घालून कोणी हलवावेत तसं सगळं. यार्डात क्रेनने कंटेनर खाली ठेवला की जमीन पायाखाली दणकायची आणि कानात काही नाही. मला त्याची सवय होईना. दर वेळी वाटायचं, डोळ्यांसमोर घडलं ते खरं घडलंच नाही.

आणि जे आवाज नव्हते ते यायला लागले. दुपारी जेवताना शेजारच्या खोलीतून कोणी तरी माझं नाव घ्यायचं, अगदी स्पष्ट, "विलास". मी ताटावरून उठून बघायचो. मुलगी लग्न होऊन पनवेलला गेल्यापासून ती खोली बंदच असते. आत गादीची वळकटी आणि पंखा. डॉक्टर म्हणाले, असं होतं, कान रिकामा झाला की मेंदू त्यात काहीबाही भरतो. वनिताला मी हे सांगितलं नव्हतं. बायकोला सांगण्यासारखं ते नव्हतं.

अशा दिवसांत मी पँट आखूड करायला तुझ्या दुकानात आलो. मोऱ्याच्या धक्क्याकडे उतरणाऱ्या रस्त्यावर तुझं दुकान, मागे तुमच्या दोन खोल्या. मी पँट पुढे केली, बोललो, आणि सवयीने तुझ्या ओठांकडे बघत राहिलो. तुझे ओठ हललेच नाहीत. तू गळ्यातला टेप काढलास, पाठीमागच्या पुठ्ठ्यावर खडूने लिहिलंस: कान गेला? माझा पण. खूप आधी.

मी नाही म्हणालो. तू हसलास. मग पुढे लिहिलंस: रविवार ये. चहा.

मी तीन रविवार आलो नाही, चौथ्या रविवारी आलो.

त्यानंतरचं सगळं तू बघितलंस. माझी बोटं वाकत नव्हती. सत्तेचाळीस वर्षांच्या माणसाला नवी भाषा शिकायची म्हणजे शाळेत मागच्या बाकावर बसल्यासारखं असतं, आणि इथे तर बाकावर मी एकटाच. शब्द पाठ व्हायचे. पाणी, घर, उद्या, गाडी. पण तू आणि लता एकमेकांशी बोलायला लागलात की मला दोन माणसं माशा हाकलताना दिसायची. मी मराठीत वाक्य जुळवायचो, मग एकेका शब्दाला हात लावायचो. तू डोकं हलवायचास. प्रश्नातलं "काय" शेवटी. आधी माणूस हवेत उभा करायचा, मग त्याच्याबद्दल बोलायचं. एकदा डावीकडे उभा केला की तो तिथेच राहतो, गोष्ट संपेपर्यंत. तू तुझ्या आईला नेहमी दाराजवळ उभी करायचास. मी दोन वर्षं त्या दारातून येता-जाता थोडा बाजूने जात होतो, हे तुला कधी कळलं का?

(तुझी वाक्यं इथे मी मराठीत लिहितोय. ती अशी नव्हती. ती होती तशी मला अजूनही लिहिता यायची नाहीत.)

मी चिठ्ठ्या लिहायचो तर तू त्या फाडून टाकायचास. हाताने मागितल्याशिवाय चहा नाही, हा तुझा नियम. आणि चेहरा न हलवता मागितला तर तू बिनसाखरेचा द्यायचास. "चेहरा कुठाय तुझा?" हा तुझा ठरलेला प्रश्न. "हाताने विचारतोस आणि चेहरा गेटवर ठेवून येतोस."

पाचव्या-सहाव्या महिन्यात मी सोडलं होतं. आठवतं ना. एवढं शिकून बोलायचं कोणाशी, दोन माणसांशी? यार्डात कोणाला येत नाही, घरी कोणाला येत नाही. पाच रविवार मी घरी झोपून काढले. सहाव्या रविवारी वनिता म्हणाली की तुझ्याकडून पार्सल आलंय. माझी तपकिरी पँट होती, बाजूची शिवण उसवली म्हणून तुझ्याकडे टाकलेली. शिवण नीट झाली होती. सोमवारी कामावर घालून गेलो. गेटवर उभा राहिलो, सवयीने हात खिशात घालायला गेलो, तर खिसेच नाहीत. चारही खिशांची तोंडं तू बारीक टाक्यांनी शिवून टाकली होतीस.

दिवसभर माझे हात कुठे ठेवायचे ते मला कळेना. संध्याकाळी तडक तुझ्याकडे आलो आणि दारातूनच भांडायला लागलो. पैसे कुठे ठेवू, किल्ली कुठे ठेवू, मला काय वेडा समजतोस. तू मशीनवरून उठलाससुद्धा नाहीस. माझं संपल्यावर तू लताकडे बघितलंस, ती तोंडावर पदर धरून हसत होती.

"बघ," तू म्हणालास, "आला की चेहरा."

तेव्हा माझ्या लक्षात आलं की दारातून मी जे भांडलो त्यात तोंडाने एक शब्द काढला नव्हता.

कोणी मला विचारलं, या वयात नवी भाषा शिकायची तर टिकून कसं राहायचं, तर मी काही शहाणपणाचं सांगू शकणार नाही. माझ्या हातून टिकणं झालंच नाही. मी तीनदा सोडलं, तीनदा तू ओढून आणलंस. एकदा त्या पँटने. एकदा तू आजारी असल्याची खोटी बातमी पाठवलीस. आणि एकदा त्या विनोदाने. गिऱ्हाईक तुला ऐकू येत नाही म्हणून जास्त मोठ्याने ओरडतं, तरी ऐकू येत नाही म्हणून तुझ्या कानाशी येऊन ओरडतं, आणि तू त्याच्या उघड्या तोंडाचंच माप घेतोस, लांबी, रुंदी, आणि पुठ्ठ्यावर लिहितोस. मी हसलो. तू एकदम थांबलास.

"आत्ता मराठीत हसलास का?"

मी आठवून बघितलं. मराठीचा एक शब्द डोक्यात आला नव्हता.

आपलं एक भांडण मात्र राहिलं. तू दर दोन-तीन रविवारी ते काढायचास. "घरी कोणाशी बोलतोस?" "कोणाशी नाही." "बायको?" मी म्हणायचो, तिला काय गरज, मी काही पुरता बहिरा झालेलो नाही. तू म्हणायचास, "एकट्याने बोलतात ते हातवारे. भाषेला दोन माणसं लागतात, आणि ती एका घरात असली तर बरं." मी विषय बदलायचो. वनिताने एकदा विचारलं होतं मला, "मी पन येऊ का शिकायला?" ओठांवरून मला नीट कळलं होतं, तरी मी कळलं नसल्यासारखं केलं. तिने पुन्हा विचारलं तेव्हा म्हणालो, तुझं तिथे काम नाही. माझे हात हवेत चाचपडतात ते तिने बघू नये, असं मला वाटत होतं. लग्नाला तेवीस वर्षं झाली होती. तिने मला ताप आलेला बघितलाय, रडताना बघितलंय. पण हे नको.

आता त्या शनिवारचं.

मी, आमचा सुपरवायझर म्हात्रे आणि ऑफिसातला अजून एक जण, मुंबईला कागद घेऊन निघालो होतो. धक्क्यावर आलो तर एक लाँच नुकतीच सुटली होती. आम्ही पुढच्या लाँचची वाट बघत उभे राहिलो. सुटलेल्या लाँचच्या मागच्या कठड्याशी तू उभा होतास, खांद्याला कापडाची रिकामी पिशवी. अस्तर आणायला चालला असशील. तुला मी दिसलो आणि तू हात वर केलास.

इंजिनाच्या आवाजात धक्क्यावरचे लोक लाँचवरच्यांना नुसते हातच हलवत होते, ओरडूनही काही पोचत नव्हतं. आपल्याला मात्र त्या पाण्यावरून सहज बोलता आलं असतं. तू बोलायला लागलास.

म्हात्रे माझ्या शेजारी होता. यार्डात मी अजून कोणाला सांगितलं नव्हतं. गेटवरच्या माणसाला ऐकू येत नाही म्हटल्यावर त्याला गेटवर कोण ठेवील? मी हात पाठीमागे बांधले आणि म्हात्रेकडे तोंड केलं. तो काही तरी सांगत होता. मी मान हलवत राहिलो. ज्याचा एक शब्द मला कळत नव्हता त्याचं मी ऐकत होतो, आणि ज्याचा कळला असता त्याच्याकडे पाठ केली होती.

पुन्हा वळून बघितलं तेव्हा तू लहान दिसत होतास. हात खाली होते. लाँच पुढे गेली. दुसऱ्या दिवशी रविवार होता, पण तुला तोंड कसं दाखवू म्हणून मी आलो नाही.

सोमवारी सकाळी तू गेलास. मला लताने नंतर सांगितलं. ती मागच्या खोलीत स्वयंपाक करत होती. तुझं मशीन चालू असलं की फरशी थरथरते, तळपायाला कळते. तिचा दिवस त्या थरथरीवर चालायचा. शिवण संपली की थरथर थांबते, मग पुन्हा सुरू होते. त्या दिवशी ती थांबलीच नाही. "इतकी लांब शिवण कुठल्या कपड्याला नसते," लता म्हणाली. ती बाहेर आली तेव्हा तू मशीनवर डोकं टेकून होतास. तुझा पाय पेडलवर होता. सुई रिकामीच वर-खाली होत होती.

तुझ्या दारात दिघ्याहून, कळंबोलीहून तुझी माणसं आली होती. तुझे ऐकू येणारे नातेवाईक रडत होते, त्यांची तोंडं उघडी दिसत होती, आणि अंगणाच्या दुसऱ्या बाजूला वीस-पंचवीस माणसं हातांनी तुझ्याबद्दल बोलत होती. मला दोन्हीकडून आवाज नव्हता. मी मध्ये उभा होतो. कोणी तरी येऊन विचारलं, "तुझं शेवटचं बोलणं कधी झालं?" मी म्हणालो, आठ दिवसांपूर्वी. धक्क्यावरचा शनिवार गाळला. हे मी तुझ्या भाषेत बोललेलं पहिलं खोटं.

जवळपास पंधरा दिवसांनी एक रविवार होता. तुझ्याकडे जायचं नव्हतं म्हणून दुपारी जेवून मी आडवा झालो. चार वाजता जागा झालो तर वनिता पलंगाच्या पायथ्याशी उभी. हातात मोबाइल, तोंड पांढरं. ती काही बोलली. मी म्हणालो, हळू बोल. तिने पुन्हा म्हटलं. ओठांवरून मला एवढंच लागलं, "तुमाला कोनी सांगितलं?"

"काय सांगितलं?"

ती स्वयंपाकघरात निघून गेली. चार दिवस ती माझ्याशी धड बोलली नाही. मी झोपलो की दाराशी येऊन उभी राहायची, हे मला जमिनीच्या हलण्यावरून कळायचं. गुरुवारी मी कामावरून आलो तर ती चप्पल घालून तयार होती. "चला," म्हणाली. तुझ्या दुकानाकडे वळलो तेव्हा मला वाटलं, लताला भेटायचं असेल, बाईमाणूस आहे.

लता दुकानात शर्टाची बटणं लावत होती. वनिता तिच्यासमोर बसली आणि दोघी बोलायला लागल्या. हातांनी.

मी दारात होतो. पहिल्यांदा मला वाटलं ते कानातल्या हाकांसारखंच काही आहे, डोळ्यांनीही आता नसलेलं भरायला घेतलं. वनिताचे हात, पोळ्या लाटणारे, मासळी साफ करणारे हात, सरळ चालत होते. अडखळत नव्हते. तिच्या भुवया प्रश्नाला वर जात होत्या, नको तिथे जात नव्हत्या. तिने तुला हवेत उभं केलं, मशीनपाशी, आणि मला पलंगावर झोपवलं. हे सगळं मला दिसलं आणि कळलं. इतक्या वर्षांत माझी बायको एवढी मोकळी बोलताना मी पाहिली नव्हती.

"कधीपासून?" मी विचारलं. तोंडाने की हाताने ते आठवत नाही.

"दर बुधवारी," ती म्हणाली. "दीड वर्स झालं. साडीला फॉल लावायला जाते म्हनून सांगायची."

त्या दीड वर्षात घरातल्या प्रत्येक साडीला फॉल लागला होता, हे माझ्या लक्षात यायला हवं होतं.

मग तिने मोबाइल पुढे केला.

रत्नाकर, त्यात मी आहे. गंजिफ्रॉक, उघडं तोंड, गाढ झोपलेला. पोटावरचे हात उठतात. आधी कानामागे एक बोट जातं. पेन्सिल. ते माझं नाव, तू दिलेलं, कारण मी पेन्सिल कानामागे खोचतो. मग, 'तुझी बायको'. मग, 'बोलते'. मग एक हात दुसऱ्याच्या वर जातो, 'तुझ्यापेक्षा छान'. मग हसल्यासारखं काही. माझा चेहरा हसत नाही. नुसते हात हसतात.

वनिता तिथे उभी राहून हे वाचत होती. ती शिकते हे तिला, तुला आणि लताला सोडून कोणालाच माहीत नव्हतं. तुझ्याकडून तिने शपथ घेतली होती.

लताने व्हिडिओ तीनदा बघितला. तिसऱ्या वेळी तिने स्वतःचा हात काचेवर ठेवला. "तू उजवा," ती मला म्हणाली, "उजव्या हाताने बोलतोस. हे हात डावे आहेत." तेव्हा मला दिसलं. झोपेतला प्रत्येक शब्द डाव्या हाताने सुरू होत होता. मी डाव्या हाताने काडीसुद्धा ओढत नाही. तू डावखुरा होतास.

"आणि हे कोणी शिकवलं तुला?" लताने विचारलं.

शेवटी, हात खाली जायच्या आधी, डाव्या अंगठ्याने उजव्या मनगटाची आतली बाजू दोनदा घासली होती. मला त्याचा अर्थ माहीत नव्हता. वनितालाही नव्हता. लता म्हणाली, ही खूण कुठल्याच बहिऱ्या माणसाला माहीत नाही. तू शाळेत जायच्या आधी, भाषा नव्हती तेव्हा, तू आणि तुझ्या आईने घरात बनवलेल्या खुणांपैकी ही एक. घरातून निघताना करायची. "येतो" म्हणायची. आईनंतर तू ती फक्त लताला करायचास.

तेवढ्यात फरशी थरथरली. आम्ही तिघांनी एकदम मशीनकडे बघितलं. बाहेरून ट्रेलर गेला होता.

मी यावर पुष्कळ विचार केलाय. म्हात्रेकडे तोंड करूनही डोळ्यांच्या कोपऱ्यातून मी तुला बघितलं असणार. पाण्यावरून तू हेच सांगितलं असशील, वनिताची शपथ मोडून, कारण तुला राहवलं नसेल, आणि जाताना सवयीने तो अंगठा घासला असशील. मी ते पाहिलं, वाचलं, आणि पाठ फिरवून विसरून गेलो. हातांनी ते ठेवून घेतलं. असं असेल तर मला सगळं कळलं होतं आणि तरी मी मान हलवत उभा होतो. दुसरं काय असू शकतं ते वनिता तोंडाने उच्चारत नाही, देवापाशी दिवा मात्र दोन वेळा लावते. खरं सांगू? मला त्या दुसऱ्याची भीती कमी वाटते.

यार्डात मी सांगून टाकलं. म्हात्रेपुढे उभा राहिलो आणि म्हणालो, मला ऐकू येत नाही, दोन वर्षं झाली. त्याने कागद ओढला आणि लिहिलं: सगळ्यांना माहीत हाय. गेटवर गाडी आली की पेटतो तो लाल दिवा उगाच लावला का? तू बोलत नव्हतास म्हनून आमी पन गप. आता मला आतल्या टेबलावर बसवलंय, कागदांच्या कामाला. गेटपेक्षा बरं आहे.

घरी आम्ही बोलतो. वनिता माझ्या चुका काढते, तुझ्यासारखीच, फक्त चहा गोड देते. मी परवा चिडून म्हणालो, सोडतो हे सगळं, मला नाही जमत. तिने हातातली परात खाली ठेवली आणि म्हणाली, "मग मी कोणाशी बोलू?" मी पुन्हा पहिल्यापासून वाक्य केलं.

झोपेत माझे हात त्यानंतर उठलेले नाहीत. वनिता लक्ष ठेवून असते. लताला मात्र ते मानवलं नाही. गेल्या आठवड्यात तिने निरोप पाठवला: रविवारी जेवून इकडे या. विलासने दुकानातल्या बाकावर झोपावं. मी समोर बसेन.

वनिता नको म्हणत होती. मी म्हणालो, जाऊ. तुझ्या बायकोने आयुष्यात माझ्याकडे दुसरं काही मागितलेलं नाही.

काल गेलो. लताने शटर अर्धं खाली घेतलं, पण उजेड राहील एवढं ठेवलं. बाकावर तुझी चादर घातली होती. परक्या ठिकाणी, बघणाऱ्या माणसासमोर झोप कशी लागणार, असं वाटत होतं. पण आतल्या खोलीत वनिता भांडी घासत होती, त्याचा बारीक हादरा बाकातून पाठीला लागत होता, आणि मला झोप लागली.

किती वेळ गेला कळलं नाही. डोळे किंचित उघडले. लता स्टुलावर बसली होती, माझ्यापासून हातभर. ती काही बघत नव्हती, वाट बघत नव्हती. ती बोलत होती. माझ्या चेहऱ्याकडे नाही, पोटावर ठेवलेल्या माझ्या हातांकडे बघून. भराभर, जशी ती तुझ्याशीच बोलायची, माझ्याशी बोलताना सावकाश करते तसं नाही. अर्धं मला कळलं. मोठी कात्री सापडत नाही, कुठे ठेवलीस. मागचा पत्रा गळतोय. धाकट्या नणंदेने तुझे शर्ट मागितले, मी दिले नाहीत. मग तिचे हात थांबले, आणि पुन्हा उठले तेव्हा सावकाश होते. त्या दिवशी थरथर थांबत नाही हे मला कळलं होतं. पण कढईत भाजी होती. करपेल म्हणून मी ती आधी परतून घेतली. झाकण ठेवलं. मग आले. तेवढाच उशीर केला मी.

ते माझ्याशी नव्हतं. मी डोळे पुन्हा मिटून घेतले. ती अजून बोलत होती की थांबली होती, हे कळायला मग मला काहीच मार्ग नव्हता. हात हलू न देता मी बराच वेळ तसाच पडून राहिलो.